गाडी खाचेत, लगाम हातात

चवथीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या लेकीने हातातला कंट्रोलर पडवीच्या कठड्यावर ठेवला, ‘मला हे खेळायचंच नाही’ म्हणाली आणि आजीकडे नेवऱ्या मागायला आत निघून गेली. ती ७ वर्षांची आहे. तिची निळी गाडी त्या दिवशी दहाव्यांदा की बाराव्यांदा वळणावरून उडून थेट अंगणातल्या पाण्यात गेली होती. समोर माझा भाचा. वय १३, मुक्काम बेळगाव. त्याची लाल गाडी मात्र मजेत फिरत होती. आरामखुर्चीतून एक काका म्हणाले, ‘‘अगो, गाड्या मुलग्यांनी खेळायच्या, तू रांगोळी काढ.’’ त्यावर ताई त्यांना काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. पण मी तरी काय वेगळं करत होतो? ‘हळू दाब, अगं हळू दाब’ एवढंच सकाळपासून ऐकवत होतो.

जोयडा तालुक्यातलं आमचं दिग्गी पावसाळ्यात कसं असतं हे आपल्यापैकी ज्यांची गावं त्या बाजूला आहेत त्यांना सांगायला नको. बाहेर पडायची सोय नाही, पडवीत मोबाईलला रेंज नाही, माजघरात गणपती आणि वर माटोळी, आणि मुलं मिळून सहा-सात. त्यामुळे अमेरिकेतल्या मावसभावाने दोन वर्षांपूर्वी बॅगेतून आणलेला स्लॉट कार रेसिंगचा सेट चवथीत बाहेर निघतो. पडवीतल्या फरशीवर आठाच्या आकाराचा ट्रॅक मांडला की पोरं दिवसभर हलत नाहीत.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्लॅस्टिकच्या ट्रॅकला प्रत्येक लेनमध्ये एक खाच असते आणि खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूचे दोन रूळ. गाडीच्या पोटाखाली एक सुकाणू खाचेत बसतं आणि तांब्याच्या जाळीच्या दोन पट्ट्या रुळांवरून वीज घेऊन मोटरला देतात. स्टिअरिंग नाही, गिअर नाही. तुमच्या हातात फक्त वेग. वळणावर वेग जास्त झाला की गाडी खाच सोडते आणि तुमची फेरी गेली. हातातल्या कंट्रोलरने मोटरला किती वीज जायची ते ठरतं. सगळं कौशल्य त्या एका बोटात किंवा अंगठ्यात असतं.

खेळ जुना आहे. इंग्लंडमध्ये फ्रेड फ्रान्सिस यांच्या मिनिमॉडेल्स कंपनीने किल्लीच्या पत्र्याच्या गाड्यांना वीज जोडून १९५७ साली स्केलेक्स्ट्रिक बाजारात आणलं. ‘स्केलेक्स’ हे त्या किल्लीच्या गाड्यांचं नाव, त्याला ‘इलेक्ट्रिक’ची शेपटी. १९६० च्या दशकात अमेरिकेत अरोराच्या तळहाताएवढ्याही नसलेल्या गाड्या आल्या, जर्मनीत कारेरा आली. स्केलेक्स्ट्रिकच्या अगदी सुरुवातीच्या सेटमध्ये वेग कमीजास्त करायची सोयच नव्हती. बटण दाबलं की गाडी पळायची, सोडलं की थांबायची. वेग हळूहळू वाढवता येणारे कंट्रोलर नंतर आले आणि तेव्हा हा खेळ खऱ्या अर्थाने हाताचा खेळ झाला. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण माझी लेक नकळत १९५७ चीच आवृत्ती खेळत होती.

ते कळलं रात्री. आरती झाली, मुलं झोपली आणि मी सहज तिचा कंट्रोलर हातात घेऊन तिच्या लेनवर गाडी लावली. अंगठ्याने दट्ट्या दाबायला लागलो. पाव अंतर, काही नाही. अर्धं, काही नाही. आणखी थोडा दाबला आणि गाडी गोळीसारखी सुटली आणि पहिल्याच वळणावर बाहेर. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग भाच्याचा कंट्रोलर घेतला, तर त्यात गाडी मुंगीच्या पावलांनीही जात होती.

लेकीने दुपारी मला एक वाक्य सांगितलं होतं: ‘‘बाबा, हा आधी काहीच करत नाही आणि मग एकदम सगळं करतो.’’ मी बंगळूरला सॉफ्टवेअरच्या कामात बारा वर्षं आहे. इतका स्वच्छ बग रिपोर्ट मला ऑफिसात क्वचित मिळतो. आणि मी तो ‘वापरणाऱ्याची चूक’ असा शेरा मारून बंद केला होता.

कंट्रोलर उघडला. चार स्क्रू, आत काही गूढ नाही. चिनी मातीच्या किंवा तशाच उष्णता सोसणाऱ्या तुकड्यावर बारीक तार गुंडाळलेली असते, तोच रोध. दट्ट्याला जोडलेली पितळी जीभ त्या तारेवरून सरकते. दट्ट्या जसा आत जातो तशी मोटरपर्यंतच्या वाटेत कमी कमी तार उरते आणि गाडी वेग घेते. आमच्या त्या कंट्रोलरात जिभेच्या टोकावर हिरवट थर चढला होता आणि ती थोडी वर उचललीही गेली होती. मल्टिमीटर ओहमवर लावून दट्ट्या सावकाश दाबला. चांगल्या कंट्रोलरात आकडा एकसारखा उतरत उतरत शून्याजवळ यायला हवा. इथे अर्ध्या अंतरापर्यंत मीटरला काही लागतच नव्हतं, मग एकदम जवळजवळ शून्य. मधला वेग नावाची गोष्ट त्या यंत्रात शिल्लकच नव्हती. दिग्गीच्या पावसात दोन वर्षं अडगळीच्या खोलीत पडलेल्या पितळेचं आणखी काय होणार? बारीक पॉलिश पेपरने जीभ आणि तार घासली, जीभ अलगद खाली वाकवली, पुन्हा मीटर लावला. आकडा उतरायला लागला.

म्हणून नवा कंट्रोलर विकत घेण्याच्या गोष्टी करण्याआधी माझं पहिलं सांगणं हे: जुना आधी मीटरवर बघा. साधा मल्टिमीटर घरात नसेल तर तो घ्या, इतर शंभर कामांना येईल.

पण गोष्ट इथे संपली नाही. दुसऱ्या दिवशी लेकीला समजावून पुन्हा बसवलं. गाडी आता हळूही जात होती, तरी दर तिसऱ्या फेरीला बाहेर. या वेळी मी तोंड बंद ठेवून फक्त तिच्या हाताकडे बघत बसलो. अंगठ्याने दाबायचा तो कंट्रोलर मोठ्या माणसाच्या पंजासाठी बनवलेला. तिची बोटं मुठीभोवती पुरत नव्हती, म्हणून ती तो दोन्ही हातांत धरून दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबत होती. असं दाबलं की बारीक हालचाल होत नाही, अख्खा हातच खाली जातो. स्प्रिंगही कडक. दट्ट्या अर्ध्यावर धरून ठेवायला जी ताकद लागते ती ७ वर्षांच्या अंगठ्यात दोन मिनिटं टिकते, तिसऱ्या मिनिटाला अंगठा थरथरतो आणि गाडीही.

कंट्रोलरचे घराघरांत दिसणारे आकार मुख्यतः दोन. एक हा अंगठ्याचा दट्ट्या, दुसरा पिस्तुलासारखा, पहिल्या बोटाने ओढायच्या ट्रिगरचा. माझं मत ट्रिगरच्या बाजूने आहे आणि ते लपवत नाही. ट्रिगरमध्ये मूठ कंट्रोलरचा भार घेते, बोट फक्त वेगाचं काम करतं. पेन धरणारं, बटण लावणारं ते बोट. त्याला थोडं-थोडं हलायची सवय असते. अंगठा दाबायला जोरकस, पण अर्ध्यावर थांबायला आळशी. अंगठेवाले पट्टीचे खेळाडू माझ्याशी भांडतील हे माहीत आहे. लहानपणापासून व्हिडिओ गेम खेळलेल्या भाच्याला अंगठाच आवडतो आणि तो मला रोज हरवतो.

मुलांसाठी घेताना मात्र एक गोष्ट हातात धरूनच बघायला हवी: ट्रिगर पूर्ण सुटलेला असताना पहिल्या बोटाचं मधलं पेर त्याच्यापर्यंत पोचतं का. फक्त टोक पोचत असेल तर मूल प्रत्येक वेळी हात पुढे सरकवेल आणि पकड जाईल. डावखुऱ्या मुलांना ट्रिगरचे बहुतेक कंट्रोलर चालतात, पण वेगाची किंवा ब्रेकची चाकं एकाच बाजूला असतील तर ती कुठल्या हाताला येतात ते बघा. काही लहान मुलांच्या सेटमध्ये वेगाला टोपी घालणारी खटकी असते, म्हणजे कितीही दाबलं तरी गाडी एका मर्यादेबाहेर जात नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांना ती उत्तम. त्याहून मोठ्यांना चार दिवसांत कंटाळा येतो, कारण चूक करायची सोयच राहत नाही.

आता ओहम. परदेशी दुकानांच्या यादीत एकाच कंट्रोलरपुढे ३५, ४५, ६०, ९० असे आकडे दिसतात आणि माणूस सरळ मोठा आकडा चांगला समजून घेऊन टाकतो. तो आकडा म्हणजे आतल्या तारेचा पूर्ण रोध. बारावीचं फिजिक्स आठवा. आमचा अॅडाप्टर १५ व्होल्टचा आहे. गाडी सावकाश जाताना मोटर ०.२ अँपिअर ओढते असं ढोबळ धरू. कंट्रोलर २५ ओहमचा असेल तर ट्रिगरला नुसता स्पर्श झाल्यावर त्यात ५ व्होल्ट खर्च होतील, मोटरला १० मिळतील. गाडी सुरुवातीलाच उसळी मारेल. ४५ ओहमचा असेल तर ९ व्होल्ट खर्च, मोटरला ६. गाडी शहाण्यासारखी निघेल. ९० ओहमला हिशेब १८ व्होल्टवर जातो, तेवढे मुळात नाहीतच. म्हणून ट्रिगर बराच ओढेपर्यंत गाडी जागची हलणार नाही आणि उरलेल्या थोड्या अंतरात सगळा वेग उरकावा लागेल. गेम खेळणाऱ्यांच्या भाषेत मोठा डेड झोन. खऱ्या मोटरचा प्रवाह वेगाप्रमाणे बदलतो, त्यामुळे हे गणित तंतोतंत नाही, पण निवड करायला पुरतं.

यातून निघतं ते असं की चांगला-वाईट ओहम नसतो, मोटरशी जुळणारा किंवा न जुळणारा असतो. हलक्या, कमी प्रवाह घेणाऱ्या मोटरला जास्त ओहम. दांडग्या मोटरला कमी. घरगुती १:३२ मापाच्या गाड्यांना ३५ ते ४५ च्या आसपास बहुतेकांना मानवतो. एचओ म्हणतात त्या काडेपेटीएवढ्या गाड्या १८ ते २२ व्होल्टवर चालतात, त्यांना ६० ते ९०. क्लबांतल्या १:२४ च्या तगड्या गाड्यांचे कंट्रोलर ४ ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतात. तो घरच्या गाडीला लावला तर आमच्या बिघडलेल्या कंट्रोलरसारखंच होईल, फक्त जास्त पैसे देऊन. आणि रोध जी वीज खातो ती उष्णता होते. ४५ ओहममधून ०.४ अँपिअर गेले तर सात वॅटांहून जास्त, तेही मुठीत. लांबलचक रेसनंतर कंट्रोलर गरम लागतो तो यामुळेच. थोडा कोमट असेल तर काळजी नको. हात ठेववत नसेल तर मोटर आणि कंट्रोलरची जोडी चुकली आहे.

हा सगळा हिशेब मी तिसऱ्या दिवशी पडवीत मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ऐकायला फक्त आप्पा होते. आप्पांनी उमेदीची वर्षं लाकडाच्या लॉऱ्या चालवण्यात घालवली, अणशी घाटाची वळणं त्यांना अजून पाठ आहेत. ते सेटकडे कधी फिरकत नसत आणि मला वाटायचं त्यांना पोरखेळ वाटतो. त्या दिवशी कळलं, उजव्या अंगठ्याचा सांधा आखडलाय, दट्ट्या दाबला की कळ जाते, म्हणून ते लांबून बघतात. मावसभावाने सेटबरोबर एक जादाचा, ट्रिगरचा कंट्रोलर दिला होता, तो खोक्यात तसाच पडून होता. तो जोडून दिला. दोन फेऱ्या झाल्यावर आप्पांनी विचारलं, ‘‘अरे, ही सोडल्यावर अशी चटकन थांबते कशी? मघाची दुसरी घरंगळत होती.’’

मी दोन वर्षांत हे पाहिलं नव्हतं. सेटबरोबरचे कंट्रोलर दोन तारांचे होते, त्यांत ब्रेक नव्हता. ट्रिगरचा तीन तारांचा होता. आप्पांना मी समजावलं: मोटरची वीज तोडली तरी ती फिरत राहते, आणि फिरणारी मोटर म्हणजे जनरेटर. तिची दोन टोकं एकमेकांना जोडली की तिनेच तयार केलेला प्रवाह तिच्याच उलट जोर लावतो. ट्रिगर पूर्ण सोडला की तिसरी तार नेमकं हे करते. आप्पा म्हणाले, ‘‘म्हणजे उतारावर गिअरात धरल्यासारखं. ब्रेकवर पाय ठेवून घाट कोण उतरतो?’’ मी कॉलेजात या विषयाचा पेपर दिला आहे, पण इतकं सोपं मला कुणी सांगितलं नव्हतं.

ब्रेकचा फरक मोठा पडतो. ब्रेक नसेल तर वळणाच्या खूप आधी सोडावं लागतं आणि ते अंतर नव्या माणसाला कळत नाही. ब्रेक असला की सरळ रस्त्यावर शेवटपर्यंत ओढून वळणाच्या तोंडाशी सोडता येतं. पण तो फार कडक असेल तर लहान मूल भीतीने बोट सोडतं आणि गाडी वळणात मधेच उभी राहते. म्हणून ब्रेक कमीजास्त करता येणारा कंट्रोलर मिळाला तर बघावा. आपल्याकडच्या सेटला ब्रेक आहे का हे ओळखायला गाडी सरळ पट्टीवर पळवून एकदम सोडा आणि किती घरंगळते ते पाहा. तीन तारांचा कंट्रोलर स्वतः जोडणार असाल तर अमेरिकेतली रीत लक्षात ठेवा: पांढरी तार वीजपुरवठ्याकडची, काळी ट्रॅककडे जाणारी, लाल ब्रेकची. पांढरी-काळी उलटली तर ट्रिगर सुटलेला असताना सरळ शॉर्ट होतो आणि धूर निघतो. आणि सेटचा खोका तीन तारांसाठी बनलेलाच नसेल तर ब्रेकची तार आणायला थोडं डागकाम करावं लागतं. आमच्या खोक्याला मावसभावाने ते आधीच करून ठेवलं होतं, हे त्याने सांगितलं होतं आणि मी विसरलो होतो.

आता विजेबद्दल, कारण आमच्याकडे कंट्रोलरच्या माथी मारलेले निम्मे दोष खरं तर अॅडाप्टरचे निघाले. काळी नदी आमच्याच भागातल्या डोंगरांत उगम पावते, पुढे तिच्यावर सुपा, नागझरी, कोडसळ्ळी, कद्रा अशी वीजघरांची रांग आहे, आणि चवथीच्या आरतीला आमच्याकडे हमखास करंट जातो. असो. इन्व्हर्टरवर सेट चालतो, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की दोन्ही लेनना एकच छोटा अॅडाप्टर होता. भाच्याची गाडी जोरात असताना ती वीज ओढते, लेकीच्या लेनला थोडी कमी मिळते. त्याची गाडी वळणावर उडाली की तो भार अचानक संपतो आणि तिच्या गाडीला, तिने बोट हलवलं नसतानाही, धक्का बसतो. म्हणजे भाचा पडला की पाठोपाठ ती पडणार! दोन्ही लेनना वेगळे अॅडाप्टर दिले की हे थांबतं, फक्त खोक्यातली दोन लेनची जोडणी खरोखर वेगळी आहे ना हे पाहून घ्यावं लागतं.

आणि माझ्या मते घरात लहान मुलं असतील तर नव्या कंट्रोलरच्याही आधी घ्यायची वस्तू म्हणजे व्होल्ट कमीजास्त करता येणारा डीसी पुरवठा. १५ ऐवजी ९-१० व्होल्टवर ठेवला की साधा कंट्रोलरही मवाळ होतो, ट्रिगरचं पूर्ण अंतर वापरता येतं आणि मूल बोटाने शिकतं. मी गावच्या त्या मुक्कामात लेकीची लेन १० वर आणि भाच्याची १५ वर केली, तर भाच्याने हात वर केले. ‘‘मामा, ही चीटिंग आहे.’’

‘‘चीटिंग कशी? तुझी गाडी जास्त पळते.’’

‘‘तेच ना! मी पडतो आणि ती पडत नाही.’’

तडजोड अशी निघाली की दोघेही १२ वर खेळतील आणि दर १० फेऱ्यांनी लेन बदलतील, पण कंट्रोलर बदलणार नाहीत; ज्याचा त्याच्या हातात राहील, प्लग तेवढा दुसऱ्या लेनला जाईल. क्लबांत हीच पद्धत असते, खेळाडू आपला कंट्रोलर स्वतःबरोबर लेनोलेन घेऊन फिरतो. घरात मात्र कंट्रोलर लेनला चिकटलेला असतो, आणि धाकट्या भावंडाला कायम उरलेली लेन आणि उरलेला कंट्रोलर मिळतो. तुमच्या घरी कुणी ‘मला जमत नाही’ म्हणून उठून जात असेल तर त्याच्या वाट्याला काय आलंय ते एकदा बघा.

इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरबद्दल लिहिलं नाही तर इंजिनिअर वाचक रागावतील. यात जाड तार नसते. ट्रिगरची जागा ओळखून ट्रान्झिस्टर मोटरला वीज देतो. त्यामुळे ओहम जुळवायची कटकट जाते, एकच कंट्रोलर वेगवेगळ्या मोटरना चालतो, आणि सुरुवातीचा वेग, ब्रेक, संवेदनशीलता चाकं फिरवून ठरवता येते. अमेरिकेतले प्रोफेसर मोटर आणि डिफाल्को, इटलीच्या स्लॉट डॉट इटचा एससीपी ही या खेळातली नेहमीची नावं. एससीपीमध्ये ट्रिगरची जागा चुंबकाने, काही न घासता ओळखली जाते. म्हणजे आमच्यासारखी हिरवी जीभ होण्याचा प्रश्नच नाही. मला तो फार हवा आहे. पण अशा कंट्रोलरची किंमत घरगुती सेटच्या किमतीला भिडते, आणि आठ चाकं फिरवण्यात बाप रमतो, पोरं नाही, हे मी स्वतःवरून ओळखतो.

डिजिटल सेटची गोष्ट वेगळी. त्यात रुळांवर वीज कायम असते, प्रत्येक गाडीत चिप असते आणि कंट्रोलर फक्त निरोप पाठवतो, म्हणून एकाच लेनमध्ये दोन-तीन गाड्या पळतात आणि लेन बदलताही येते. तिथे ओहमचा आकडा पाहून बाहेरचा कंट्रोलर लावता येत नाही. त्याच कंपनीचा, त्याच प्रणालीचा लागतो. बिनतारी कंट्रोलरही मिळतात आणि वायरीत अडकून पडणारी पोरं असलेल्या घराला ते सोयीचे. फोनवरच्या अॅपने ब्रेक आणि वेग ठरवता येणारे सेट आहेत. आमच्यासारख्या रेंज नसलेल्या गावी नेणार असाल तर अॅप घरून निघण्यापूर्वीच डाउनलोड करून एकदा चालवून बघा. नाहीतर पडवीत ट्रॅक मांडून सगळे माझ्या तोंडाकडे बघतील, तशी वेळ तुमच्यावर येईल.

परदेशातून कुणी सेट आणणार असेल तर अॅडाप्टरवरची बारीक अक्षरं वाचायला सांगा. इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर फक्त पिन बदलून काम होतं. नुसतं १२० लिहिलं असेल तर आपल्या २३० व्होल्टला तो एका क्षणात जाईल. आणि दमट गावी ठेवायचा असेल तर कंट्रोलर आणि गाड्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. रूळ फडक्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसायचे. कारेराचे रूळ स्टेनलेस स्टीलचे असतात, त्यांना हा त्रास कमी, साध्या पोलादाच्या रुळांवर आमच्याकडे एका पावसाळ्यात तांबूस डाग येतात.

अनंतापर्यंत आम्ही राहिलो नाही, पाचव्या दिवशी विसर्जन करून निघालो. निघायच्या आदल्या संध्याकाळी आप्पा आणि नात अशी रेस झाली, दोघांकडे ट्रिगर. एक खोक्यातला, दुसरा, कमी पल्ल्याचा, ताईने भाच्याच्या जुन्या सेटमधून शोधून बेळगावहून आणवला होता, आणि ओहम जुळवायला मी त्यात एक जादा रोध समांतर जोडला होता. २० फेऱ्यांत लेक दोनदा पडली, आप्पा एकदा. ती हरली. हरल्यावर ‘परत’ म्हणाली. मी तिला मधेच सांगून टाकलं होतं की बिघाड कंट्रोलरात होता. ‘‘मी सांगत होते ना,’’ एवढंच म्हणाली आणि ट्रॅककडे वळली.

मावसभाऊ डिसेंबरात येतोय. त्याला निरोप पाठवला आहे: ट्रिगरचा, तीन तारांचा, ४५ ओहमचा एक, लहान हाताला पुरेल असा, आप्पांसाठी स्प्रिंग हलकी असलेला एक. त्याचं उत्तर आलं, ‘आणि तुला तो इटालियन नको?’ मी अजून उत्तर दिलेलं नाही.